पाचामुखी स्पर्श

मिरीचा एक दाणा घ्या. मधलं बोट तर्जनीवर चढवून फुली करा आणि डोळे मिटून तो दाणा त्या फुलीच्या बेचक्यात, टेबलावर गोल गोल फिरवा. दोन दाणे लागतील. डोळे उघडा, एकच आहे. पुन्हा मिटा, पुन्हा दोन. एकच आहे हे ठाऊक असूनही दोन. अॅरिस्टॉटलने ही गंमत इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात लिहून ठेवली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आमच्या गोव्यातल्या कुळागरात, म्हणजे सुपारी-मिरीच्या बागेत, मात्र ती पोरांना कोणी शिकवावी लागली नाही. मिरीचे घोस पुढ्यात टाकून दाणे सुटे करायला बसवलं की पोरं दुसरं काय करणार?

मी हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवते. मज्जासंस्थेचा धडा आला की हा प्रयोग करायला लावते, कारण त्या धड्यात मुलांना जागं ठेवणारं दुसरं फारसं काही नाही. कारण सोपं आहे. बोटं नेहमीसारखी असतात तेव्हा तर्जनीची अंगठ्याकडची कड आणि मधल्या बोटाची अनामिकेकडची कड यांना एकाच वेळी एकच बारीक वस्तू लागूच शकत नाही. तिथे एकाच वेळी स्पर्श झाला तर वस्तू दोन असणार, हा मेंदूचा जन्मभराचा अनुभव. बोटं ओलांडली तरी तो जुन्याच मांडणीने हिशेब करतो आणि दोन दाणे दाखवतो.

मुलं म्हणतात, मेंदू फसला. पाठ्यपुस्तकंही तसंच म्हणतात. मला त्यात अर्धंच तथ्य वाटतं. बोटं सरळ ठेवून दाणा धरला, तेव्हाही बातम्या दोनच गेल्या होत्या, दोन बोटांकडून. तेव्हा मेंदूने त्यांचा एक दाणा केला. कातडीने ‘एक’ असं कधी सांगितलंच नव्हतं. एकाच्या बाबतीत आपण मेंदूला शहाणा म्हणतो नि दोनाच्या बाबतीत फसलेला, पण काम त्याने दोन्ही वेळा तेच केलं.

म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळापाशी जायांच्या फांत्या, म्हणजे जाईचे गजरे, घेऊन बायका बसतात. म्हार्दोळच्या जाया साऱ्या गोव्यात नावाजलेल्या, देवळात दरवर्षी जायांची पूजाही होते. कळ्या दुपारी खुडायच्या आणि उमलायच्या आत गुंफायच्या. सुईचं काम नाही. केळीच्या सोपटाचा धागा भिजवून घ्यायचा, डाव्या चिमटीत देठं धरायची, उजव्या हाताने फास टाकून ओढायचा. फार ओढलं तर देठ तुटतं, कमी ओढलं तर फांती केसांत माळेपर्यंत सुटते. माझ्या नात्यातली एक काकी हे काम करते. तिचं लक्ष गिऱ्हाइकाकडे असतं, सुट्या पैशांकडे असतं, समोरच्या रस्त्यावरून कोण कोणाच्या स्कूटरवर बसून गेलं इकडेही असतं. हाताकडे सोडून सगळीकडे. मध्येच एखादी कळी न बघताच ती बाजूला टाकते. उचलून पाहिली तर देठाशी मऊ पडलेली निघते.

तुला कसं कळतं, असं विचारलं तर म्हणाली, ‘‘म्हाका विचारूं नाका, बोटांक विचार.’’

बोटांना विचारायचं झालं, तर कुठल्या बोटाला? एकट्या तर्जनीला कळी ठाऊक नाही. तिला एवढंच कळतं की कातडी अमक्या ठिकाणी इतकी दबली, इतकी ताणली, किंचित घसरली. अंगठ्यालाही तेवढंच. देठ किती जाड, हे तर दोघांपैकी कोणाच्याच कातडीवर लिहिलेलं नसतं. ते असतं दोघांच्या मधल्या अंतरात, आणि ते अंतर कळायला सांध्यांची आणि स्नायूंची खबर लागते, म्हणजे मनगटाच्याही वरून आलेली. अंगठ्याचा दाब, तर्जनीचा दाब आणि बोटं किती मिटली आहेत याचा अंदाज, असं तिन्ही जुळलं की कुठे कळी होते.

बातम्या देणारे थोडेथोडके नाहीत. एका तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या कातडीत स्पर्श टिपणारी साधारण १७,००० एककं आहेत. हा अंदाज स्वीडनमधला. तिथे १९६०च्या दशकात जाग्या माणसाच्या मज्जातंतूत अतिशय बारीक सुई घालून एकेका तंतूचे संदेश ऐकण्याची पद्धत निघाली. ज्याच्या हातात ती सुई टोचलेली असते तोच समोर बसून सांगतो, आता लागलं, आता नाही. या एककांच्या चार मुख्य जाती. मेर्केलच्या पेशी कडा आणि बारीक उंचवटे टिपतात, माइसनरची कणिका वस्तू निसटू लागल्याची वर्दी देते, पॅचिनीची कणिका थरथर पकडते, रुफिनीची टोकं ताण. नावं घोकून मुलांचा जीव जातो, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही. बोटांच्या अग्रांवर त्यांची सर्वांत जास्त दाटी. तिथे दोन टोकं दोनेक मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी दोन म्हणून कळतात. पाठीवर तीच टोकं तीन-चार सेंटिमीटर लांब नेली तरी एकच टोचल्यासारखं वाटतं. एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने कंपासची टोकं अंगभर टेकवून हे मोजलं आणि १८३४मध्ये छापलं.

हे सगळं मी कैक वर्षं फळ्यावर काढत आले होते. त्यातलं एक वाक्य मात्र मला स्वतःच्या हातावर शिकावं लागलं: अनामिका दोन घरची आहे.

झालं असं की रात्री हात बधिर पडून जाग यायला लागली. हात झटकला की बरं वाटे. मग दिवसाही मुंग्या. खडू हातातून सुटायचा, आणि जेवताना माशाचे काटे चुकू लागले. गोव्याबाहेरच्या माणसाला हे मोठं दुखणं वाटणार नाही. पण आमच्याकडे हुमणातला, म्हणजे कालवणातला, पेडवा मासा डोळ्यांनी बघून खात नाहीत. बोलता बोलता बोटं मांस सोडवतात, काटा अंगठा-तर्जनीच्या मध्ये येतो, तिथेच ओळखला जातो आणि ताटाच्या कडेला जातो. शिताबरोबर काटा तोंडात गेला तर घरात चारचौघांत हसं होतं, लहान मुलासारखं. माझं व्हायला लागलं.

डॉक्टरांनी आधी साधी गोष्ट केली. अनामिकेच्या एका कडेवरून टाचणीचं बोथट टोक फिरवलं, मग दुसऱ्या कडेवरून. करंगळीकडची कड जिवंत, मधल्या बोटाकडची बधिर. बोट एकच, आणि त्याच्या मधोमध जणू हद्द. मनगटातल्या चिंचोळ्या बोगद्यातून मीडियन नावाचा मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका त्याच्या ताब्यात. उरलेली अर्धी अनामिका आणि करंगळी अल्नर तंतूकडे, आणि तो त्या बोगद्यातून जात नाही. तेव्हा बोगद्यात तंतू दाबला गेला की बधिरपणा साडेतीन बोटांना येतो आणि निदान अनामिकेवर होतं. पुढे विजेचे बारीक झटके देऊन तपासणी झाली. त्यात मनगटापाशी संदेशाचा वेग मंदावलेला दिसला. निरोगी तंतूत स्पर्शाचा संदेश सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने धावतो. मनगटाशी दिलेला झटका साधारण २० मिलिसेकंदांत मेंदूच्या पृष्ठभागावर लाट होऊन उमटतो.

मला मात्र त्या तपासणीपेक्षा अनामिकेचं कोडं पडलं. हे बोट जन्मापासून दोन वेगळ्या तंतूंनी वार्ता देत आलं होतं. एक शाखा मनगटाच्या मधून, दुसरी कोपराच्या आतल्या हाडामागून, जिथे ठोसा बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तरी मला कधीच ते दोन बोटांचं बोट वाटलं नव्हतं. अंगठी घातली तर ती एक कडं म्हणूनच जाणवायची. कुठेतरी वर दोन्ही वार्ता शिवल्या जात होत्या आणि शिवण दिसत नव्हती. एक धागा सैल पडला, तेव्हा शिवण असल्याचं कळलं.

हे शिवणकाम कुठे चालतं? मानेतून पाठीच्या कण्यात शिरताना अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांचे संदेश वेगवेगळ्या पातळ्यांवर आत जातात. मज्जारज्जूतून ते वर चढतात, मेंदूच्या देठात बाजू बदलतात, म्हणजे उजव्या हाताची खबर डाव्या मेंदूकडे. मग थॅलॅमस, मेंदूच्या आतलं संदेशांचं ठाणं, आणि तिथून डोक्याच्या मध्यातून कानाकडे उतरणाऱ्या मोठ्या खाचेच्या मागची पट्टी. वाइल्डर पेनफील्ड या मॉन्ट्रियलच्या शल्यविशारदाने जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूवर विजेचा सौम्य स्पर्श करत विचारलं, कुठे जाणवलं? मेंदूला स्वतःला वेदना नसते, त्यामुळे हे जमतं. १९३७मध्ये त्याने आणि एडविन बोल्ड्रीने त्यातून जो नकाशा मांडला, त्यातला प्रचंड हातांचा नि जाड ओठांचा माणूस पुढे जगभरच्या पुस्तकांत गेला. आमच्या वर्गात त्याला गणपतीच्या देखाव्यातला राक्षस म्हणतात. त्या नकाशात बोटं ओळीने बसलेली आहेत, प्रत्येकाला आपापली जागा.

पण राक्षसाचं चित्र एका बाबतीत चुकीचा समज करून देतं. ते पाहून वाटतं की प्रत्येक बोटाची खोली वेगळी, आणि तिथे बोटाची वार्ता पोचली की झालं. प्रत्यक्षात ती पट्टी म्हणजे शेजारशेजारचे चार पट्टे आहेत. स्पर्शाची बातमी प्रथम जिथे येते तिथे बहुतेक पेशी एकेका बोटाशी बांधलेल्या असतात. मागच्या पट्ट्यांत जावं तशा एकाच वेळी दोन, तीन बोटांना दाद देणाऱ्या पेशी वाढतात. त्यातल्या काही नुसत्या स्पर्शाला दाद देत नाहीत. कड अमक्या दिशेने सरकली, वस्तू मुठीत भरली, असं काही घडलं तरच त्या बोलतात. आणखी पुढे, कानाच्या वरच्या घडीत दडलेल्या भागात, दोन्ही हातांची खबर एकत्र येते. आणि पहिल्या पट्ट्यात बोटं अगदी सोवळ्यात असतात असंही नाही. एका बोटाला स्पर्श झाला की शेजारच्या बोटाच्या पेशींचा आवाज वाढतो किंवा दबतो. कुजबुज पहिल्या उंबरठ्यापासूनच सुरू असते.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तसं हे. पंच बोलतात, निवाडा एक लागतो. आणि निवाडा लागल्यावर कोणता पंच काय म्हणाला होता, ते दप्तरात राहत नाही.

हे न राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. लोक बोटांच्या संवेदनशीलतेचं कौतुक करतात, किती बारीक कळतं म्हणून. एकत्र करताना मेंदू किती टाकून देतो, ते तितकंच थक्क करणारं आहे. कानाच्या शंखाचं रहस्य उलगडून १९६१चं नोबेल मिळवणारा गेऑर्ग फॉन बेकेशी कानाचं कोडं सोडवता सोडवता कातडीकडे वळला. कातडीवर जवळजवळच्या दोन जागी एकदमच टोचलं, तर माणसाला दोन्ही जागा न कळता त्यांच्या मधोमध एकच टोचणी कळते, जिथे प्रत्यक्षात काहीच टोचलेलं नसतं. २००३मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्क्विरल माकडांच्या शेजारच्या दोन बोटांच्या टोकांना एकदम स्पर्श करून मेंदूच्या त्या पहिल्याच पट्ट्यातली हालचाल कॅमेऱ्याने टिपली. दोन बोटांच्या दोन जागा उजळायच्या ऐवजी त्यांच्या मधोमध एकच जागा उजळली. म्हणजे मेंदूचा तो पहिला नकाशाही कातडीवर काय घडलं ते दाखवत नाही, काय जाणवावं ते दाखवतो. पेनफील्डच्या राक्षसाची रेष इथे पुसट होते.

दोन बोटांना दोन वेगळ्या दिशांची हालचाल दिली तर? लंडनमध्ये असे प्रयोग झाले आहेत. लोकांना विचारलं, एकंदर दिशा सांगा. लोक दोन्हींची सरासरी काढतात, पण समसमान नाही. हालचालीच्या दिशेने जे बोट आघाडीवर असेल त्याच्या शब्दाला जास्त वजन. टेबलावरून हात फिरवताना धूळ आहे का ते आपण बघतो, तेव्हा पुढचं बोटच आधी नव्या जागी पोचतं. मेंदू त्यालाच मानतो, यात मला तरी शहाणपण दिसतं.

घरी करून पाहायला एक खेळ आहे. डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटांना पेन्सिलीने अगदी हलकं टोचा आणि विचारा, कुठलं बोट? अंगठा आणि करंगळी सहसा चुकत नाहीत. मधली चुकतात, त्यातही मधलं आणि अनामिका. टोचलेलं कळतं, मऊ की टोकदार तेही कळतं, पत्ता मात्र हुकतो. दोन्ही हात उलटे करून बोटं गुंतवली आणि आत वळवून घेतली की गोंधळ आणखी वाढतो. दुसऱ्याने दाखवलेलं बोट उचलताना भलतंच उठतं. आम्ही लहानपणी वीज गेली की पडवीत बसून कंदिलाच्या उजेडात हे खेळायचो.

पत्ता गमावून ज्ञान मिळवायचं, याची सर्वांत स्पष्ट गोष्ट ब्रेल वाचणाऱ्यांची आहे. लुई ब्रेलने सहा टिंबांची लिपी १८२९मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे मराठीसकट भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१पासून आहे. बरेच जण एका तर्जनीने वाचतात. काही तरबेज वाचक मात्र तीन बोटं एकदम ओळीवरून नेतात. १९९८मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अशा तीनबोटी वाचकांच्या मेंदूचे नकाशे तपासले. ज्या तीन बोटांनी ते वाचत, त्यांच्या जागा मेंदूत एकमेकींत मिसळल्या होत्या, त्यांचा क्रमही विस्कटला होता. आणि हलका स्पर्श केल्यावर कुठल्या बोटाला झाला, हे सांगताना ते इतरांपेक्षा जास्त चुकत. त्यांचं वाचन उत्तम होतं. फक्त तीन बोटं मिळून त्यांचं एकच मोठं बोट झालं होतं, आणि त्यांचं काम असं होतं की बोटांच्या नावांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. अक्षर कळलं, बस्स.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९८८मध्ये, मायकेल मर्झेनिक या मेंदूशास्त्रज्ञाच्या गटाने माकडांच्या हाताची शेजारची दोन बोटं शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून ठेवली होती. काही महिन्यांनी मेंदूतली त्या दोन बोटांमधली हद्द नाहीशी झाली. सतत एकत्र बोलणाऱ्यांना मेंदू एकच धरतो. प्रयोग वाचताना माकडाची कीव येते, आणि तरीही निष्कर्ष विसरता येत नाही.

मग वाटतं, आमच्या काकीच्या डाव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मेंदूतल्या जागा आता किती वेगळ्या उरल्या असतील? तिच्या मेंदूचा नकाशा कोणी काढलेला नाही, त्यामुळे हे नुसतं माझ्या मनातलं. पण कळी बाजूला टाकणारं बोट कुठलं, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती थांबून आपल्या हाताकडे बघत राहिली आणि तेवढ्यात तिची लय तुटली. तिने मला पुढे काही विचारू दिलं नाही.

उलट दिशेची मेहनत ज्यांना करावी लागते ते वादक. त्यांना बोटं मिसळून चालत नाही. १९९५मध्ये व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांच्या जागा इतरांपेक्षा मोठ्या सापडल्या, आणि जितक्या लहान वयात शिकायला सुरुवात तितक्या जास्त. गोव्यात हे कोणाला नवलाचं वाटू नये. इथे घरटी एक पेटी नाही तर तबला, आणि चवथीला घुमट, मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं वाद्य. घुमट वाजवणाऱ्याचा एक हात चामड्यावर बोटांनी बोलतो आणि दुसरा मागच्या तोंडावर उघडझाप करत आवाजाला घुमारा देतो. पूर्वी चामडं घोरपडीचं असे, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. २०१९मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसावाद्य केलं. मराठी आरत्यांना घुमट-शामेळाची साथ लागते तेव्हा वादकाच्या दोन हातांचे दोन हिशेब शेवटी एकाच ठेक्यात येतात. तबलावादक खाप्रुमामा पर्वतकरांबद्दल तर अजून सांगतात की दोन हातांनी दोन ताल, पायाने तिसरा आणि तोंडाने चौथा चालवून ते सगळे एकाच समेवर आणीत. त्यांना लयब्रह्मभास्कर म्हणत. दंतकथेचा भाग वगळला तरी जे उरतं ते अफाटच असणार.

वेगळी ठेवलेली बोटं कधी कधी पुन्हा मिसळतात, आणि तेव्हा ते दुखणं होतं. काही वादकांची, लेखनिकांची बोटं वर्षानुवर्षांच्या एकसुरी, वेगवान कामानंतर ऐकेनाशी होतात. एक उचलायला जावं तर दुसरं आपोआप वळतं. हाताला इजा नसते, दुखतही नाही. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात, आणि अशा लोकांच्या मेंदूत बोटांच्या जागा एकमेकींच्या फार जवळ सरकलेल्या, एकमेकींवर चढलेल्या आढळल्या आहेत. सगळंच त्यावरून समजतं असं नाही, या आजाराची मुळं मेंदूत आणखीही खोल जातात. पण ब्रेलच्या वाचकाला जे बळ ठरलं तेच तबलजीला शाप ठरू शकतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्थिर बोटाला फार कमी कळतं. बोट वस्तूवर ठेवून गप्प राहिलात तर काही क्षणांत वस्तू जाणवेनाशी होते, हातातल्या घड्याळासारखी. हात हलला पाहिजे. रोबेर्टा क्लात्स्की आणि सुझन लेडरमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५मध्ये लोकांचे डोळे बांधून रोजच्या वापरातल्या १०० वस्तू हातात दिल्या. शंभरातली साधारण ९६ उत्तरं बरोबर आली, आणि बहुतेक ५ सेकंदांच्या आत. त्यांनी पुढे हेही टिपलं की माणसं हात कशीही फिरवत नाहीत. पोत हवा असेल तर घासतात, कडकपणा हवा तर दाबतात, वजन हवं तर उचलून झेलतात, आकार हवा तर मुठीत घेऊन कडेकडेने जातात.

फोंड्याच्या बाजारात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, घेणारी बाई पाहिली की हे सगळं तिथे चालू असतं. वाटा पुढ्यात आला की ती दोन-चार शिंपल्या उचलते, एकमेकींवर वाजवते, मग अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून दोन्ही झाकणं आडवी सरकवायला बघते. जिवंत तिसरी हलत नाही. मेलेली, आत नुसता चिखल भरलेली असली तर झाकण किंचित सरकतं आणि बाई ती परत फेकते. ते सरकणं डोळ्यांना दिसत नाही. एकटा अंगठाही ते सांगू शकत नाही, कारण शिंपली सगळीच हातात फिरली की झाकण सरकलं, हे एकट्याला कळायचा मार्ग नाही. अंगठ्याची कातडी एका बाजूला ओढली गेली आणि तर्जनीची तितकी नाही, या फरकात काय ते आहे. एका चिखलाच्या तिसरीने सगळं सुकं कचकचीत होतं, म्हणून तो फरक कळणारी बाई घरात असावी लागते.

माझी शस्त्रक्रिया झाली. बोगद्यावरचा पडदा कापून तंतूला जागा करून देतात, फार मोठं काम नाही. रात्रीच्या मुंग्या लगेच गेल्या. बधिरपणा मात्र हळूहळू ओसरत होता, कारण तंतू बराच काळ दाबून होता. फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, एका टोपात तांदूळ घ्या, त्यात घरातल्या बारीकसारीक वस्तू लपवा आणि डोळे मिटून हाताने शोधून ओळखा. हा उपचार जगभर करतात. तंतूकडून येणारी वार्ता बदललेली असते, ती पुन्हा कशी वाचायची हे मेंदूला शिकावं लागतं. तंतू पूर्ण तुटून शिवावा लागला असेल तर शिकणं फारच अवघड, कारण वाढणारे धागे भलत्याच पत्त्यांवर जाऊन पोचतात. लहान मुलांचा मेंदू ते नवे पत्ते मोठ्यांपेक्षा पुष्कळ चांगले लावून घेतो. माझं त्या मानाने सोपं होतं.

मी उकड्या तांदळाचा टोप घेऊन बसले. बटण, नाणं, काजूगर, सुपारी, लवंग. सुरुवातीला नाणं आणि बटण सारखंच लागे. मग कडेवरून बोट फिरवायला सुचलं, आणि बटणाची भोकं सापडली. लवंग शेवटी आली. गंमत म्हणजे वस्तू ओळखू येऊ लागल्या त्यानंतरही पत्ते चुकतच होते. तपासणीला गेले की ती मुलगी माझे डोळे मिटायला लावून बोटाला पेन टेकवायची. मी म्हणायची मधलं, असायची तर्जनी. तेच बोट घालून तांदळातली सुपारी मात्र मी झटक्यात काढून देत होते. तिने यात नवल मानलं नाही, कागदावर दोन वेगळ्या रकान्यांत खूण केली आणि पुढचा व्यायाम सांगितला.

घरी सासूबाईंना हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. खायच्या तांदळात कसले खेळ, असं त्या दोनदा ऐकवून गेल्या. एका सकाळी बसल्या बसल्या त्यांनी टोपात डावा हात घातला, टीव्हीवरची नजर न काढता एकेक जिन्नस बाहेर ठेवत गेल्या, ‘‘सुपारी. काजी. ही लवंग, वास गेलेली,’’ आणि मग हात तसाच आत ठेवून माझ्याकडे वळल्या. ‘‘कपाटाची चावी ह्यात कुणी घातली गो? सकाळपासून घरभर शोधतेय मी ती.’’